नामिबिया स्वतः गाडी चालवत फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामिबिया आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर आहे. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त. वस्ती मात्र जेमतेम ३० लाख, पुणे शहरापेक्षाही कमी. इथे पाणी थोडं आणि अंतरं लांब. प्राणी कुठे दिसतील, दिवसाला किती गाडी हाकावी, जेवणात काय मिळेल, सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. पुढची उत्तरं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

प्राणी बघायचे असतील तर जून ते ऑक्टोबर. या महिन्यांत पाऊस नसतो. रानातली डबकी आटतात, गवत वाळून आडवं होतं आणि प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यांवर यावंच लागतं. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे दिवस, त्यात जानेवारी ते मार्च जोर जास्त. तेव्हा रान हिरवं होतं, पिल्लं असतात, पक्षी भरपूर असतात, पण पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राणी पांगतात.

ऋतू आपल्या उलटे आहेत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पाऊस संपून थंडी सुरू होत असते. हवा छान असते, पण गवत अजून उंच असतं. जून-जुलैत दुपारी २०-२५ अंश आणि पहाटे वाळवंटात पारा शून्याजवळ, अशी स्थिती असते. "आफ्रिकेत कसली थंडी" म्हणून नुसते टी-शर्ट नेणारे पहिल्याच रात्री तंबूत कुडकुडतात. थर्मल, कानटोपी आणि जाड मोजे न्या. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना याउलट ३५ ते ४० अंशांची तयारी हवी.

किती दिवस लागतात? मार्ग कसा आखावा?

किमान १२ रात्री. राजधानी विंडहुकला एक, सोसुसफ्लेईच्या वाळूच्या टेकड्यांसाठी सेस्रीमला दोन, किनाऱ्यावर स्वाकोपमुंडला दोन, प्राचीन कातळचित्रांच्या ट्वायफेलफोंटेन परिसरात दोन, प्राण्यांसाठी इटोशा राष्ट्रीय उद्यानात तीन, परतीच्या वाटेवर ओचिवारोंगोजवळ एक आणि शेवटची विंडहुकला. एवढ्यात दोन-सव्वादोन हजार किलोमीटर सहज होतात.

चूक होते ती नकाशा बघून. ३२० किलोमीटर म्हणजे साडेचार तास असा हिशेब डांबरी रस्त्यावर जमतो. मुरमाच्या रस्त्यावर तासाला ५० ते ६० किलोमीटरचा हिशेब धरा, त्यात फोटोसाठी थांबणं, जेवण आणि एखादं पंक्चर मिळवा. सलग दोन दिवस ३०० किलोमीटरच्या वर ठेवू नका. यादीतली दोन ठिकाणं गाळली तरी चालेल, पण एका ठिकाणी दोन रात्री राहा. राष्ट्रीय उद्यानांच्या आतल्या मुक्कामांना मोजक्याच खोल्या आणि तंबूच्या जागा असतात. जुलै ते ऑक्टोबरसाठी ८-१० महिने आधी नोंदणी करावी.

गाडी कोणती घ्यावी? आपलं लायसन्स चालतं का?

गाडी डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. लायसन्स इंग्रजीत छापलेलं असावं. सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो. भाड्याने गाडी देणारे तो मागतात.

इटोशा, स्वाकोपमुंड, विंडहुक एवढंच करायचं तर जमिनीपासून उंच असलेली साधी गाडी पुरते. सेस्रीम आणि ट्वायफेलफोंटेन धरलं तर डबल कॅबिनचा फोर-बाय-फोर पिकअप घ्या. छतावर उघडणारा तंबू, फ्रिज, गॅस आणि भांडी असा सगळा संच त्यावर मिळतो.

गाडी ताब्यात घेताना तासभर द्या. स्टेपनी दोन आहेत ना, आणि दोन्हीत हवा आहे का? जॅक उंच गाडीला पुरतो का? चाकांना कुलपाचा नट असेल तर त्याची चावी कुठे आहे? हवा भरायचा पंप लावून चालवून बघा. विमा वाचताना चार गोष्टी शोधा: काच आणि टायर, गाडीचा खालचा भाग, एकट्या गाडीचा अपघात म्हणजे कोणालाही न धडकता पलटी होणं, आणि वाळूच्या वादळात रंग उडणं. शेवटच्या दोन बाबी स्वस्त विम्यात बहुतेक वेळा वगळलेल्या असतात.

मुरमाच्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. नामिबियात पर्यटकांना सिंहापेक्षा मुरूम कितीतरी जास्त महागात पडतो. बी अक्षराचे रस्ते डांबरी, सी अक्षराचे बरेचसे मुरमाचे, डी अक्षराचे त्याहून अरुंद आणि कच्चे. मुरमावर कायद्याची मर्यादा काहीही असो, ८० च्या वर काटा जाऊ देऊ नका.

कारण असं. कडक पृष्ठभागावर सुटी खडी असते आणि टायर तिच्यावर गोट्यांवरून चालल्यासारखा घरंगळतो. सरळ जाताना हे जाणवत नाही, म्हणून वेग वाढत जातो. मग वळण येतं किंवा समोर प्राणी येतो, चालक ब्रेक दाबतो, स्टिअरिंग झटकन फिरवतो, मागचा भाग घसरतो. तो सावरायला स्टिअरिंग उलट फिरवलं की उंच गाडी पलटी होते. म्हणून मागचा भाग घसरू लागला तर ब्रेक नको. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, जायचंय त्या दिशेला स्टिअरिंग हलक्या हाताने धरून ठेवा, वेग आपोआप उतरू द्या. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी.

टायरमधली हवा रस्त्याप्रमाणे बदलायची. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय, मुरमावर २६ ते २८, खोल वाळूत १५ ते १८. हवा थोडी कमी असली की टायर दगड अंगावर झेलतो आणि पंक्चर कमी होतात. मात्र १५ च्या हवेवर डांबरावर पळवलंत तर टायर तापून फाटतो. गाडीनुसार आकडे थोडे बदलतात, ते देणाऱ्याकडून लिहून घ्या.

रस्त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात, पन्हळी पत्र्यावरून गेल्यासारखी गाडी थरथरते. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीतून चाललात की त्रास कमी. समोरून गाडी आली की वेग उतरवून डावीकडे व्हा. काच फुटते ती समोरच्या वेगापेक्षा आपल्या वेगामुळे. पुढच्या गाडीची धूळ खाली बसेल एवढं अंतर राखा. दिवसाही हेडलाइट लावा.

पंक्चर झालंच तर कडक, सपाट जागा बघून थांबा. हँडब्रेक, गिअर, दुसऱ्या चाकाला दगड. जॅक लावण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा. जॅकखाली फळी ठेवा, नाहीतर तो मुरमात रुततो. काढलेलं चाक गाडीच्या सांगाड्याखाली सरकवून ठेवा, जॅक निसटला तरी गाडी त्यावर टेकते. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा आणि ५० किलोमीटरवर पुन्हा आवळा. पुढच्या गावात पंक्चर काढल्याशिवाय गाव सोडू नका.

रात्री गाडी चालवली तर?

चालवू नका. कुडू नावाचं हरीण घोड्याएवढं असतं आणि दिवे दिसले की रस्त्यावर उडी घेतं. रानडुकरं रात्री फिरत नसली तरी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चरत असतात. अनेक विमे गावाबाहेर अंधारात झालेला अपघात धरतच नाहीत. हिवाळ्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. मुक्कामी साडेचारला पोहोचायचं, असं ठरवून निघा.

डिझेल आणि पाणी किती बाळगावं?

टाकी अर्धी झाली की पहिल्या पंपावर भरा. पंप दिसला आणि डिझेल संपलेलं निघालं, असं लहान वस्त्यांवर होतं. सॉलिटेअर सोडलं की वॉल्विस बेपर्यंत सुमारे २३० किलोमीटर पंप नाही. पंपावर हवा आणि काच बघणाऱ्याला पाच-दहा नामिबियन डॉलर देण्याची पद्धत आहे.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, आणि गाडीत दोन दिवसांचं कायम. गाडी बंद पडली तर सावली धरून गाडीजवळच थांबा, पायी मदत शोधायला निघू नका. माणूस शोधण्यापेक्षा गाडी शोधणं सोपं असतं. गावांतलं नळाचं पाणी पिण्यालायक आहे. विंडहुक तर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरतं, जगात असं करणारं हे पहिलं शहर.

सोसुसफ्लेईला सूर्योदयाला कसं पोहोचायचं? गाडी वाळूत रुतली तर?

सेस्रीमला दोन फाटकं आहेत. बाहेरचं सूर्योदयाला उघडतं, आतलं त्याच्या तासभर आधी, पण फक्त उद्यानात मुक्काम करणाऱ्यांसाठी. पहाटेचा उजेड टेकडीवरून बघायचा तर आतच राहावं लागतं. फाटकापासून ४५ किलोमीटरवर ड्यून ४५ नावाची टेकडी, साधारण ६० किलोमीटरपर्यंत डांबरी रस्ता, आणि शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू.

त्या पाच किलोमीटरसाठी स्वतःच्याच गाडीने जायला हवं असं नाही. डांबर संपतं तिथून फोर-बाय-फोर गाड्या पैसे घेऊन ने-आण करतात. वाळूत सवय नसेल तर तेच करा. स्वतः जायचं तर हवा १५-१८ वर आणा, फोर-व्हील लो (चारही चाकांना ताकद देणारा कमी वेगाचा गिअर) टाका आणि न थांबता एका लयीत चला. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं वाटलं की तत्क्षणी पाय उचला. लोक चुकतात ते इथेच: आणखी रेस देतात आणि चाक खड्डा खणत गाडी पोटावर बसते. चारही चाकांपुढची-मागची वाळू हाताने काढा, हवा १२ पर्यंत उतरवा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. परत डांबरावर आल्यावर हवा भरायला विसरू नका.

डेडफ्लेईपर्यंत तिथून किलोमीटरभर वाळूतून चालायचं. पांढऱ्या चिकणमातीची सपाट जमीन, तिच्यावर बाभळीच्या कुळातली काळी पडलेली झाडं, भोवती विटकरी टेकड्या. ही झाडं काही शतकांपूर्वी मेली. नदीची वाट वाळूने अडवली आणि पाणी बंद झालं. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. त्यांना टेकू नका, फांदीवर बसून फोटो काढू नका. सकाळी दहाच्या आत परतायला लागा, दुपारी ही वाळू पाय भाजते.

इटोशात प्राणी हमखास दिसण्यासाठी काय करावं?

फिरू नका, बसा. ताडोब्यात जिप्सीतून माग काढत फिरण्याची सवय असल्यामुळे आपल्या लोकांना हे जड जातं. इटोशात प्राणीच पाण्याकडे येतात. उद्यान २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं, त्याच्या मध्ये सुमारे १२० किलोमीटर लांबीचं मिठागरासारखं कोरडं पात्र, आणि दक्षिण काठाने पाणवठ्यांची माळ. उद्यानातल्या मुक्कामांपैकी ओकाउकुएजो ते हलाली सुमारे ७० किलोमीटर, हलाली ते नामुटोनी साधारण ७५. वेग ताशी ६० च्या आत. कुंपणातल्या स्वच्छतागृहांखेरीज कुठेही गाडीतून उतरायचं नाही.

सकाळी फाटक उघडताच जवळच्या पाणवठ्यावर जा, सूर्य पाठीशी येईल अशी गाडी लावा, इंजिन बंद करा आणि किमान तासभर बसा. पहिली वीस मिनिटं नुसते झेब्रे दिसतील. ते पाण्यात उतरतात, कशाने तरी बिचकून सगळे एकदम मागे पळतात, पुन्हा येतात. जिराफाकडे लक्ष द्या. तो पाण्याशी येऊन दहा-दहा मिनिटं नुसता उभा राहतो. मग पुढचे पाय थोडे फाकवतो, थांबतो, आणखी फाकवतो आणि मान खाली सोडतो. तेवढ्या वेळात तो पळू शकत नाही, म्हणून इतका सावध. जिराफ न हलता एकाच दिशेला बघत असेल, तर दुर्बीण तिकडे वळवा. बऱ्याचदा झुडपाखाली सिंह असतो. हत्तींचा कळप आला की बाकीचे सगळे बाजूला होऊन वाट बघतात, गेंडासुद्धा.

रात्रीसाठी ओकाउकुएजोचा मुक्काम धरा. तिथला पाणवठा तंबूंच्या जागेला लागूनच आहे, मध्ये ठेंगणी भिंत आणि पाण्यावर दिवे. जेवण लवकर उरकून आठ ते अकरा तिथे शांत बसा. काळा गेंडा बघण्याची एवढी चांगली जागा दुसरी क्वचितच मिळेल. बोलू नका, फ्लॅश मारू नका. काझीरंगातल्या गेंड्याला एक शिंग, याला दोन. वरचा ओठ चोचीसारखा पुढे आलेला असतो, त्याने तो काटेरी फांद्या ओढून खातो.

गवतात संथ पावलं टाकणारा मोठा करडा पक्षी दिसला तर गाडी थांबवा. तो कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद, एकाच प्रजातिकुळातला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक बघायला आता नशीब लागतं. इथे तोच डौल अर्ध्या तासात दोनदा दिसतो.

वाघ-सिंहांसारखे "बिग फाइव्ह" सगळे दिसतात का?

वाघ आफ्रिकेत नाहीच. इटोशात हत्ती, सिंह, बिबट्या आणि गेंडा आहेत, रानम्हैस नाही. पाणघोडा आणि मगर हवी तर ईशान्येकडच्या झांबेझी प्रदेशात जावं लागतं, आणि ती वेगळी सहल.

कुनोतले चित्ते इथूनच आले ना? चित्ता कुठे बघावा?

हो. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं.

इटोशात चित्ता आहे, पण कमी दिसतो. नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानात नसून खासगी शेतजमिनींवर राहतात. उद्यानात सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावतात, पिल्लं मारतात. शेतात हे दोघं नाहीत, पण शेळ्या आहेत, आणि मग शेतकरी बंदूक काढतो. ओचिवारोंगोपासून पूर्वेला सुमारे ४४ किलोमीटरवर चीता कॉन्झर्वेशन फंडचं केंद्र आहे. त्यांनी १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्की वंशाची राखणदार कुत्री द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणीच शेळ्यांत सोडतात, ते कळपालाच घर मानतं. मोठं झाल्यावर ते भुंकून आडवं उभं राहतं. चित्ता जखमी झाला तर शिकार करू शकत नाही, म्हणून तो मारामारी टाळून निघून जातो. शेळीही वाचते, चित्ताही. बिबट्या-माणूस संघर्ष रोज वाचणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे केंद्र बघण्यासारखं आहे.

पाऊसच नाही, मग वाळवंटात जीव जगतात कसे?

धुक्यावर. किनाऱ्यालगत बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्यावरची हवा गार होऊन धुकं होतं आणि वाऱ्याबरोबर आत वाळवंटात शिरतं. पहाटे धुक्यात वाळूच्या टेकडीचा माथा निरखून बघा. एक काळा भुंगेरा वर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली आणि पाठ वर अशी शीर्षासनवजा बैठक घेतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात, ओघळून थेट तोंडात जातात.

स्वाकोपमुंडजवळ वेल्विचिया ही वनस्पती दिसते. लांबून फाटक्या चामड्याचा ढीग वाटेल. तिला आयुष्यभर दोनच पानं असतात. ती बुडाशी वाढत राहतात आणि टोकाकडे वाऱ्याने फाटत जातात. काहींचं वय हजार वर्षांच्या वर आहे. जवळ जाऊन मुळांवर पाय देऊ नका. आणि या भागात ठरलेला रस्ता सोडून गाडी घालू नका. जमिनीवरच्या दगडफुलासारख्या शेवाळी थरावरून गेलेल्या चाकाचे वळ कित्येक दशकं तसेच राहतात.

समुद्रात पोहता येईल का?

पाणी थंडगार आणि लाटा जोरदार, त्यामुळे पोहण्याचा बेत नको. त्याऐवजी स्वाकोपमुंडपासून सुमारे १२० किलोमीटर उत्तरेला केप क्रॉसला जा. तिथे सीलची प्रचंड वसाहत आहे. वास सहन होत नाही, नाकाला रुमाल आणि परतल्यावर कपडे वेगळे ठेवायला पिशवी न्या. पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मतात. १४८६ मध्ये दिओगो काओ या पोर्तुगीज दर्यावर्दीने इथे दगडी क्रूस रोवला. त्याच वाटेने पुढे सरकत पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात येऊन बसले.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

स्वतः रांधलं तर उत्तम होतं. मोठ्या गावांतल्या सुपरमार्केटात डाळी, डबाबंद कडधान्यं, तांदूळ, दही, भाज्या सगळं मिळतं. लहान गावांत कांदा, बटाटा, कोबी आणि लाल भोपळ्यावर भागवावं लागतं. घरून गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, पोहे बंद पाकिटांत न्या. दूध-तुपाचे पदार्थ आणि ताजी फळं-भाजी नेणं टाळा, आणि विमानतळावर विचारलं तर सामान दाखवा. उपाहारगृहात नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका. मांस, चिकन, मासे तिन्ही नकोत असं मोजून सांगा.

उत्तरेकडचं रोजचं अन्न महांगू, म्हणजे आपली बाजरी. तिच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा गोळा करतात, त्याला ओशिफिमा म्हणतात. हाताने तोडून, रानटी पालेभाजीत बुडवून खातात. भाकरी-भाजी खाणाऱ्याला ही चव परकी वाटत नाही. मांसाहारी असाल तर विंडहुकच्या काटुतुरा भागात निखाऱ्यावर भाजलेला कपाना, म्हणजे गोमांसाचे तुकडे, उभ्याने, तिखट मीठ लावून खा. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठी तपासणी नाकी आहेत, तिथे कच्चं मांस काढून घेतात.

पैसे, प्लग, फोन?

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक. रँड इथे चालतो, नामिबियन डॉलर तिकडे चालत नाही, तेव्हा निघण्याआधी संपवा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण लांबच्या पंपांसाठी रोख ठेवा. प्लग आपल्या गिझर-एसीचा मोठा तीन पिनांचा. मोबाईलच्या चार्जरसाठी जुळवणी घरूनच न्या. घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे. गावाबाहेर नेटवर्क नाही असंच धरून नकाशे आधी उतरवून ठेवा.

लस, मलेरिया, ऊन?

किनारा आणि दक्षिण भागात मलेरिया नाही. उत्तरेत आहे, पावसाळ्यानंतर जास्त. इटोशाला जाणार असाल तर गोळ्यांबाबत निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. नामिबियात पीतज्वर नाही, पण थेट विमान नसल्यामुळे अनेकजण अदिस अबाबामार्गे जातात आणि इथिओपिया पीतज्वराच्या यादीत आहे. विमानतळाबाहेर पडलात तर परतताना भारतात प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटं काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघा.

हवा कोरडी असल्यामुळे घाम जागीच वाळतो आणि तहान लागल्याचं कळत नाही. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलंय. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि ओठांना मलम. नाकातून रक्त येणं इथे नेहमीचं, रात्री नाकपुडीला थोडं खोबरेल लावून झोपा.

हिंबा लोकांचे फोटो काढता येतात का? लोकांशी कसं वागावं?

आधी विचारून. वायव्येकडच्या या पशुपालक लोकांच्या अंगावरचा लाल लेप लोणी आणि गेरू यांचा असतो. तो त्यांच्यासाठी रोजची स्वच्छता आणि शृंगार आहे. ओपुवो गावातून त्यांची भाषा जाणणारा वाटाड्या घ्या, त्याच्यामार्फत वस्तीच्या प्रमुखाला विचारा, आणि मक्याचं पीठ, तेल, साखर असा शिधा न्या. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटू नका, तिथे दाताचा डॉक्टर नाही.

दुकानात असो की पंपावर, आधी "कसे आहात?" विचारायचं, उत्तर ऐकायचं, मग कामाचं बोलायचं. थेट "पाणी कितीला?" म्हणणं उद्धट समजतात. इंग्रजी राजभाषा आहे, बहुतेकांना येते. हिंबा किंवा हेरेरो माणूस भेटला तर सकाळी "मोरो" म्हणा.

चोरीची भीती किती?

रानात जवळजवळ नाही, शहरात आहे. विंडहुकमध्ये सामानाने भरलेली गाडी रस्त्यावर सोडून जेवायला जाऊ नका, एकजण गाडीत बसा. गाडी बंद करताना दार हाताने ओढून बघा, कारण रिमोटचा सिग्नल अडवून गाडी उघडी ठेवायला लावणारे असतात. "तुमचा टायर बसलाय" म्हणून कोणी थांबवलं तर उतरू नका, पुढच्या पंपावर जाऊन बघा. पोलिसांचा क्रमांक १०१११.